घरची बेगमी आणि एकलहऱ्याचे वीजकेंद्र

इतिहासात दुष्काळ सापडतो, महापूर सापडतो, भूकंपही सापडतो. परंतु त्या पुराच्या किंवा भूकंपाच्या आदल्या दिवशी एखाद्या घरच्या कोठीत किती धान्य होते, रांजणात किती पाणी होते आणि दिव्यात किती तेल होते, हे सहसा सापडत नाही. बखरकाराला त्याचे कारण नव्हते आणि सरकारी अहवालाला तेवढी सवड नव्हती. तथापि माणसे संकटातून तगली ती पुष्कळदा याच बिननोंदीच्या साठ्यावर. त्या साठ्याला मराठीत एक फार चांगला शब्द आहे, तो म्हणजे बेगमी. शब्द फार्सीतून आला. ‘गम’ म्हणजे चिंता; ती नसण्याची सोय म्हणजे बेगमी. पुढे पुढे निश्चिंतपणा हा अर्थ मागे पडून त्या निश्चिंतपणासाठी जे भरून ठेवायचे, त्यालाच आपण बेगमी म्हणू लागलो.

या बेगमीचा थोडासा इतिहास आम्हांस सांगावयाचा आहे, आणि तो एकलहऱ्यापासून सांगावयाचा आहे. नाशिकरोडजवळ गोदावरीच्या काठी असलेल्या या गावी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने औष्णिक विद्युत केंद्र उभारले. १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० व १९७१ या सालांत चालू झाले. २१० मेगावॅटचे आणखी तीन संच १९७९ ते १९८१ या काळात त्यांत मिळाले. पहिले दोन संच २०११ साली निवृत्त झाले. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच व्हावा, ही मागणी त्यानंतर नाशिककरांनी वर्षानुवर्षे केली. एवढे सगळे नाशिकच्या वाचकास ठाऊकच असेल. धुरांडी लांबूनही दिसतात. परंतु त्या धुरांड्यांच्या पायथ्याशी जी एक गोष्ट चालते तिचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे, आणि ती फारशी कोणास ठाऊक नसते.

ती गोष्ट अशी की, वीज करणाऱ्या या कारखान्याला स्वतःला चालू होण्यासाठी बाहेरून वीज लागते. कोळसा दळणाऱ्या चक्क्या, बाष्पकात हवा फुंकणारे पंखे, पाणी चढवणारे पंप हे सर्व विजेवर चालतात. औष्णिक केंद्र जेवढी वीज करते, तिचा आठ ते दहा टक्के भाग ते स्वतःच खाते. सगळे जाळेच अंधारले, तर असे केंद्र आपल्या बळावर उठू शकत नाही. कोयनेसारख्या जलविद्युत केंद्राने आधी उठावे, त्याची वीज तारेवरून औष्णिक केंद्रापर्यंत यावी, मग चक्क्या फिराव्यात, असा तो क्रम आहे. आणि मधल्या वेळात काय? बाहेरची वीज गेली त्या क्षणी संच बंद पडतो, पण त्याचे शेकडो अंश तापलेले, कित्येक टन वजनाचे चक्र लगेच थांबत नाही. त्याच्या धारव्यांना तेल मिळाले नाही तर ते जळतील. थांबल्यावर ते सावकाश फिरते ठेवले नाही तर त्याचा कणा वाकेल. म्हणून अशा प्रत्येक केंद्रात एक खोली भरून विद्युत्घट ठेवलेले असतात, त्या घटांवर चालणारा तेलाचा निराळा पंप असतो, आणि शेजारी डिझेलवर चालणारे जनित्र असते. बाहेर कोळशाचा ढीग असतो तो निराळाच. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला तीन हजार टनांच्या आसपास कोळसा खातो, आणि तो रेल्वेच्या वाघिणींतून शेकडो कोसांवरून येतो. वाघिणी अडल्या तर किती दिवस चालेल, हे मोजण्यासाठी केंद्राचा साठा टनांत सांगत नाहीत, दिवसांत सांगतात. २०२१ सालच्या ऑक्टोबरात देशातल्या अनेक केंद्रांजवळ चार दिवसांपुरताही कोळसा उरला नव्हता, तेव्हा हा ‘दिवसांचा’ हिशेब वर्तमानपत्रांत आला आणि सामान्य माणसाच्या कानी पडला.

साठा दिवसांत मोजण्याची ही रीत वीजकेंद्राने शोधलेली नाही. आपल्या आज्या-पणज्या याच रीतीने मोजत. कोठीत किती शेर तांदूळ आहे यापेक्षा तो कोणत्या सणापर्यंत पुरेल, हा त्यांचा हिशेब असे. आमचे म्हणणे एवढेच की, जे शहाणपण वीजकेंद्राने स्वतःसाठी राखून ठेवले, तेच वीजकेंद्राची वीज घरात आल्यावर आपण घरातून घालवले. आणि ते कसे गेले, हे पाहण्याजोगे आहे.

ही व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, ते दिवस बेगमीचेच. चैत्र-वैशाखात गच्चीवर, अंगणात वाळवणे पडत: शेवया, कुरडया, पापड, सांडगे, आमच्या उत्तरेकडे बिबडे. हळद, तिखट, चिंच वर्षाची भरली जाई. शेणाच्या गोवऱ्या रचून वरून लिंपून ठेवीत, सरपण पडवीत चढे. कोकणात याच खरेदीला आगोटीची खरेदी म्हणतात, कारण आगोट लागली की होड्या बंद, घाट बंद आणि बाजार बंद. नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांदा याच सुमारास चाळीत भरतात, आणि खालून-बाजूने वारा खेळेल अशा त्या चाळीत तो पावसाळा काढतो. मोठ्या गावांत धान्याची पेवे असत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे तर अगदी अलीकडेपर्यंत वापरात होती; २००५ सालच्या महापुरात त्यांत पाणी शिरून त्यांची फार हानी झाली. या सगळ्याला कोणी आपत्कालीन सिद्धता म्हटले नाही. तो ऋतूचा भाग होता. पावसाचे चार महिने म्हणजे दरवर्षी येणारी, तारीख सांगून येणारी आपत्तीच होती, आणि तिची तयारी पंचांगात बसवलेली होती.

घराला जे करावे लागे, तेच गडाला मोठ्या प्रमाणावर करावे लागे. नाशिकहून दिसणारा रामशेज हा काही फार अवघड किल्ला नव्हे; तरी १६८२ पासून पाच वर्षांहून अधिक काळ त्याने मोगली फौजेला दाद दिली नाही. शौर्याच्या कथा सांगताना आपण हे विसरतो की, वेढ्यात माणसे पहिल्याने भुकेने आणि तहानेने हरतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाविषयी जो उपदेश आहे, त्यात पाण्याला पहिला मान आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा हवीच असेल, तर खडक फोडून टाकी बांधावीत. जिवंत झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण झुंजाच्या वेळी तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. म्हणून साठवणीची दोनचार टाकी निराळी ठेवून त्यांचे पाणी एरवी खर्चू नये, असा त्याचा आशय. वाहत्या झऱ्यावर विसंबू नये, हे वाक्य आजच्या नळाला आणि तारेला जसेच्या तसे लागू पडते. दोनचार टाकी म्हटले आहे, एक म्हटलेले नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता तारेकडे येऊ. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली चालू झाले आणि सह्याद्रीवरचे पाणी मुंबईच्या गिरण्या फिरवू लागले. पुढे भिवपुरी आणि भिरा झाले. खेड्यापाड्यांत मात्र पुढची कित्येक वर्षे रॉकेलचाच अंमल होता. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील हा मराठी घरातला एक सदस्यच होता म्हणा ना. रोज संध्याकाळी काच राखेने पुसणे, वात कातरणे, रॉकेल मोजून घालणे ही कामे घरातल्या लहान मुलांकडे असत. त्या कंदिलाच्या उजेडाचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. त्याच्या धुराने डोळे गेले आणि कित्येक घरांत चिमणी कलंडून माणसे भाजली. परंतु त्या व्यवस्थेत एक गुण होता: दिव्याचे इंधन घरात होते. ते संपत आले की दिसत असे. तारेतली वीज संपत आलेली कोणाला दिसत नाही. ती असते किंवा नसते.

आणि वीज केवळ दिवा घेऊन आली नाही. तिच्या मागोमाग विहिरीवर मोटर आली, मग घरावर टाकी आली, मग चार मजले, आठ मजले आणि उद्वाहक आले. पाटा-वरवंटा गेला, जाते गेले. आडावरचा रहाट निघाला आणि आडावर झाकण बसले. शेवटी पैसे, पत्र, औषधाची चिठ्ठी आणि शेजाऱ्याचा क्रमांक ही सर्व एका यंत्रात गेली, आणि ते यंत्रही रात्री भिंतीतल्या विजेला लावून ठेवावे लागते. म्हणून आजच्या घरात वीज जाते तेव्हा अंधार ही त्यातली सर्वांत लहान अडचण असते. खरी अडचण पाण्याची असते. ही गोष्ट महाराष्ट्राला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर समजली ती पुण्यास, १२ जुलै १९६१ रोजी.

त्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरण फुटले, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुराची वर्णने पुष्कळ झाली आहेत; पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांकडे मात्र आपण कमी पाहतो. पुण्याला पिण्याचे पाणी खडकवासल्यातून येत होते. ते तळेच रिकामे झाले. म्हणजे ज्या गावात आदल्या दिवशी छपरावर पाणी होते, त्याच गावात दुसऱ्या दिवशी नळ कोरडे होते आणि वीजही नव्हती. अशा वेळी जुन्या वाड्यांचे आड आणि कात्रजच्या पाण्याचे हौद पुन्हा आठवले. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात आणलेले ते पाणी उताराने वाहत येते. त्याला पंप लागत नाही. ज्यांच्या वाड्यात आड बुजवला नव्हता, ती घरे शेजाऱ्यांना पाणी देऊ शकली. बुजवलेला आड एका रात्रीत उकरता येत नाही.

सहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनानगर हादरले. दीडशेहून अधिक माणसे गेली, गाव पडले, आणि कोयनेचे वीजकेंद्र थांबल्याने दूरच्या मुंबईचा वीजपुरवठाही खंडित झाला. एका खोऱ्यातल्या धक्क्याने दुसऱ्या टोकाच्या गिरण्या थांबतात, हे तारेच्या युगाचे नवे लक्षण होते. पूर्वी एका गावचा दुष्काळ शेजारच्या गावाला सावकाश कळे. आता शंभर कोसांवरचा अंधार त्याच क्षणी आपल्या घरात येतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. जाळे मोठे असल्यामुळेच एक केंद्र पडले तरी दुसरे सावरते. २०१२ सालच्या ३० व ३१ जुलैला उत्तरेचे, आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेचे व ईशान्येचेही जाळे कोसळून सुमारे साठ कोटी लोकांच्या प्रदेशात वीज गेली, तेव्हा पश्चिमेचे जाळे टिकले आणि महाराष्ट्रात दिवे राहिले. बेगमीचा अर्थ जाळ्यावर अविश्वास ठेवणे असा कोणी करू नये.

नाशिकला पुराची भीती पुण्याहून जुनी, आणि तिचे मापही घरगुती आहे. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, गळ्याला लागले, यावरून गोदाकाठचे दुकानदार माल वर चढवावयाचा की नाही हे ठरवितात. नारोशंकराच्या देवळावरची घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर इकडे आली असे सांगतात. तिला पाणी लागले की महापूर. १९६९ च्या सप्टेंबरात, पुढे २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीने ही मापे पुन्हा वापरावयास लावली. धरणातून किती क्युसेक्स सोडले हा आकडा भ्रमणध्वनीवर येतो. मारुतीची कंबर वीज नसतानाही दिसते. आम्हांस दोन्ही हवेत.

१९७१ च्या डिसेंबरातला अंधार निराळ्या जातीचा होता. तो आपण होऊन केलेला अंधार होता. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, भोंगा झाला की घर अंधारे. एकलहऱ्याचे दोन संच नुकतेच फिरू लागले होते आणि त्यांची वीज ज्या दिव्यांत जाणार ते दिवे झाकण्याचा हुकूम होता. त्या पंधरवड्यात घरोघर कंदील बाहेर निघाले, काड्यापेट्या एका ठरलेल्या कोनाड्यात ठेवल्या गेल्या, आणि अंधारात घरात कसे वावरावे याचा सराव झाला. १९४६ साली मुंबईत स्थापन झालेले गृहरक्षक दल आणि नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक रस्त्यांवर होते. पुढे हा सराव विस्मरणात गेला. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्याच्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर ही आपली तिन्ही गावे होती. तेव्हा भोंगा म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगावे लागले.

युद्धाचा अंधार दोन आठवड्यांचा. भारनियमनाचा अंधार वर्षानुवर्षांचा. या शतकाच्या पहिल्या दशकात मागणी आणि पुरवठा यांतली तूट हजारो मेगावॅटची झाली आणि ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाला बारा-बारा तास वीज नसे. २००५ साली विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वीज वाटण्याचे काम महावितरणकडे आले. कोणत्या वाहिनीवर किती तास अंधार ठेवावयाचा हे तिथली गळती किती आणि वसुली किती यावरून ठरू लागले. हिशेबाच्या दृष्टीने यात चूक काढणे कठीण आहे. परंतु त्याच वाहिनीवर जो नियमाने बिल भरीत होता, त्याला शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा भोगावी लागली, आणि त्याची दाद कोणाकडे मागावी हे त्याला कळत नव्हते. त्या वर्षांत अक्षय प्रकाश योजनेत काही गावांनी एक वेगळी वाट धरली. संध्याकाळी गावाने आपण होऊन शेतीपंप, चक्की, विजेची शेगडी बंद ठेवायची आणि त्या बदल्यात घरांत दिवे चालू राहायचे. एकाने पंप लावला तर गावाचा दिवा जायचा. म्हणून गावच एकमेकांवर लक्ष ठेवी. आमच्या मते त्या दहा वर्षांतली ही सर्वांत शहाणी गोष्ट होय. पुढे गावठाणाची वाहिनी शेतीपंपांच्या वाहिनीपासून वेगळी करण्यात आली, आणि ती शिस्त पाळण्याचे कारण उरले नाही.

शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र रात्रीची वीज आली. निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्या असतो हे सर्वांस माहीत आहे. रात्री दोन वाजता पाणी भरावयास जाणाऱ्या माणसाची आपत्कालीन सिद्धता म्हणजे एक विजेरी, एक काठी, पायात उंच बूट आणि घरी जागे राहिलेले एक माणूस. शहरातला वाचक भारनियमनाची आठवण काढतो तेव्हा त्याला बंद पडलेला पंखा आठवतो, एवढा हा फरक.

तुटवडा सरला, वीज पुरेशी होऊ लागली, आणि घरांनी मेणबत्त्या आणणेही सोडले. संकटे मात्र त्याआधीही आली आणि नंतरही आली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्यात विजेचा झटका बसू नये म्हणून उपनगरांतली वीज बंद ठेवणे भाग होते. तळघरातले पंप बुडाले होते. सातव्या मजल्यावरची माणसे चहूकडे पाणी पाहत तहानलेली राहिली. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातील वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारली. काही तासांतच वीज आली. पण ते करोनाचे दिवस होते, आणि घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्या रुग्णाला काही तास म्हणजे फार झाले.

या सर्वांत निसर्ग चक्रीवादळाचा धडा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. तो आगोटीचा काळ. अनेक घरांत चार महिन्यांची भरणी नुकतीच झालेली. वाऱ्याने कौले आणि पत्रे उडाले आणि भरलेले धान्य भिजले. खांब हजारोंनी पडले होते. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज यावयास आठवडे लागले. भ्रमणध्वनीचे मनोरे बंद, म्हणून मुंबईतल्या मुलांना आईबाप जिवंत आहेत हे कळण्यास दिवस गेले. पाणीपुरवठ्याच्या योजना विजेवरच्या, म्हणून नळ बंद. ज्यांच्या विहिरीवर अजून रहाट होता त्यांच्याकडे रांगा. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याहून भयंकर झाले होते. जड माळवदाखाली माणसांसह सगळी बेगमी गाडली गेली. म्हणजे जुनी बेगमी ठाऊक असलेल्या घरांनाही ती कोठे ठेवावी हा प्रश्न उरतोच. सगळे एका कोठीत, एका छपराखाली ठेवणे बरे नाही. आज्ञापत्रातली दोनचार टाकी इथे पुन्हा आठवतात.

मग घराने करावे तरी काय? पाण्यापासून आरंभ करू. मदतकार्यात दर माणशी दिवसाला १५ लिटर पाणी हे किमान धरतात. त्यात पिणे, रांधणे आणि धुणे आले. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांस सव्वादोनशे लिटर. बाजारात मिळणारे मोठे पिंप दोनशे लिटरचे असते. म्हणजे एक पिंप आणि दोन हंडे. इमारतीवरची टाकी यात मोजू नये. वीज गेली की ती सर्वांची असते आणि तासाभरात रिकामी होते. मात्र साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, म्हणून पिंपाला घट्ट झाकण किंवा कापड हवे, आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून घासून कोरडे केले पाहिजे. आरोग्य खाते ‘कोरडा दिवस’ पाळावयास सांगते तो हाच. पुराचे पाणी विहिरीत गेले असेल तर ते उकळल्यावाचून पिऊ नये.

दिव्याचा हिशेब आता सोपा झाला आहे. पूर्वीच्या साठ वॅटच्या दिव्याचे काम नऊ वॅटचा दिवा करतो. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांचा विद्युत्घट कागदावर १८०० वॅट-तास देतो. प्रत्यक्षात हजार-अकराशे धरावेत. दोन पंखे आणि चार दिवे यांना ते पाच-सहा तास पुरतात. त्याच घटावर शीतकपाट किंवा पाण्याचा पंप लावला की हिशेब मोडतो. शीतकपाट न उघडता ठेवले तर चार तास आतला गारवा टिकतो. ज्या घरात इन्सुलिन आहे त्या घराने हे ध्यानात ठेवावे, आणि मातीच्या ओल्या मडक्याचा उपयोग आपल्या आज्यांना माहीत होता तो आपणही शिकून घ्यावा. रॉकेल बहुतेक घरांतून गेले. ते गेल्याचे आम्हांस दुःख नाही. परंतु वायूचे दुसरे सिलिंडर, चाव्या जेथे ठेवतो तेथेच ठेवलेली विजेरी, थोड्या रोख नोटा, कागदावर लिहिलेले दहा दूरध्वनी क्रमांक आणि महिन्याची औषधे एवढे तरी घरात असावे. विजेच्या तक्रारीसाठी १९१२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्व संकटांसाठी ११२ हे क्रमांक दाराच्या मागे लिहून ठेवण्यास खर्च येत नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला होतो त्याला वर्षाची भरणी शक्य आहे. रोज संध्याकाळी मजुरी घेऊन घरी येताना पावशेर तेल आणणाऱ्याने काय साठवावे? त्याच्या खोलीत दोनशे लिटरचे पिंप ठेवण्याची जागाच नसते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनी दुकाने रिकामी केली, आणि सकाळी मजूर पोहोचला तेव्हा फळी मोकळी होती. बेगमी आणि साठेबाजी यांतली रेषा येथे आहे. बेगमी संकटापूर्वी, बाजार भरलेला असताना, थोडी थोडी होते. संकटाच्या दिवशी जी होते ती दुसऱ्याच्या ताटातली असते. आणि ज्याला वैयक्तिक बेगमी शक्य नाही त्याच्यासाठी ती गल्लीने किंवा गावाने केली पाहिजे. जुने गाव पेव भरीत असे. आजच्या वस्तीने एक हातपंप चालू ठेवावा, शाळेच्या छपरावर सौर पट्ट्या व घट बसवावेत आणि कोणाच्या घरी प्राणवायूचे यंत्र आहे, कोण अंथरुणावर आहे, याची यादी ठेवावी. हातपंप वर्षभर कोणी वापरीत नाही म्हणून गंजतो. त्याला महिन्यातून एकदा पाणी ओढून पाहणारे माणूस नेमले पाहिजे, यापलीकडे त्याची अपेक्षा नाही.

जाता जाता एका माणसाविषयी सांगितले पाहिजे, कारण घरच्या सिद्धतेत त्याचा जीव गुंतलेला असतो. वादळानंतर खांबावर चढतो तो वायरमन. तो मागची वाहिनी बंद करून चढतो. परंतु खालच्या एखाद्या घरात किंवा दुकानात जनित्र चालू असते, आणि ते नीट न जोडता सरळ भिंतीतल्या खटक्यात खुपसलेले असते. मग त्या घरची वीज उलटी वाहिनीवर चढते. रोहित्रातून जाताना तिचा दाब अनेक पटींनी वाढतो, आणि बंद समजलेली तार जिवंत होते. जनित्र आणि वाहिनी यांच्यामध्ये दोहोंपैकी एकच जोडला जाईल असा बदलखटका हवा. तो माहितगार वायरमनकडून एका दुपारी बसवून होतो. जनित्र घरात किंवा बंद जिन्याखाली ठेवू नये, त्याच्या धुराला वास नसला तरी त्यातला विषारी वायू झोपेतच माणूस मारतो. आणि पावसाळ्याआधी, वाळवणे उतरवून झाली की, त्याच आठवड्यात हा खटका एकदा उघडून-मिटून पाहावा, घटात पाणी घालावे आणि विजेरीचे सेल बदलावेत.